थोरली, धाकटी आणि घरची वही

अण्णा, काल तुमच्या घरून निघताना काकींनी माझ्या हातात एक जड पिशवी दिली. मला वाटलं तांदूळ. दरवर्षी नवा तांदूळ निघाला की तुम्ही पाठवायचात, म्हणून मी सवयीनं बोलून गेले की अहो काकी, या दिवसांत कशाला तांदूळ. काकी म्हणाल्या, "तांदूल नाय गो. वह्या हायेत. नीलाच्याच हातात द्याच्या, दुसऱ्या कुनाला नाय, असं सांगून ठेवलंय त्यांनी." मग बदलापूरच्या तुमच्या हेंद्रेपाड्यापासून स्टेशनापर्यंत रिक्षात ती पिशवी मांडीवर घेऊन बसले. घरी आणून टेबलावर ठेवली. अजून उघडलेली नाही, कारण त्याआधी मला तुमच्याशी बोलायचंय.

एक गोष्ट सांगायची राहिली आहे. त्या खंडेनवमीला मी तुमच्याशी खोटं बोलले. तुम्ही ते खरं धरलंत, वहीत तसं लिहिलंत, साहेबांना तसं सांगितलंत, आणि तेच खरं समजून गेलात. सात वर्षं मी हे पोटात ठेवलं. तुम्ही आजारी असताना दोनदा भेटायला आले ते खरं तर हेच सांगायला. दोन्ही वेळा चहा पिऊन परत गेले. आता तुम्ही नाही म्हटल्यावर तोंड उघडतेय, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

पण तुम्हाला कुठलीही गोष्ट मधूनच सांगितलेली चालत नसे. फाइल पहिल्या पानापासून लावायची, हा तुमचा नियम. तर पहिल्या पानापासून.

मी उल्हासनगरची, चार नंबर कॅम्पातली. आमच्या शेजारच्या लीलाआंटी मला सारख्या म्हणायच्या, "नौकरी में क्या रखा है, धंधा कर, धंधा." मी त्यांचं ऐकलं नाही. सहा महिन्यांचा कॉम्प्युटरचा क्लास केला आणि अंबरनाथ एमआयडीसीत आपल्या कंपनीला जाऊन चिकटले. चिकटले म्हणजे टेंपररी. साहेबांनी इंटरव्ह्यूला विचारलं होतं की मुलीला हे यंत्र झेपेल का. मी म्हटलं, यंत्राला कुठे कळतंय समोर कोण बसलंय. नोकरी मिळाली, पण साहेबांची वर गेलेली भुवई काही खाली आली नाही. माझी एक चूक सापडायची ते वाट बघत होते, असं मला रोज वाटायचं.

पहिल्याच दिवशी मला तुमच्या ताब्यात दिलं. तुम्ही रेकॉर्ड रूमचे प्रमुख. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, एक निळं, एक लाल, आणि पॅंटच्या पायाला सायकलची क्लिप, जी तुम्ही दिवसभर काढायला विसरायचात. मला वाटलं होतं तुम्ही मला कॉम्प्युटर दाखवाल. तुम्ही दाखवलीत दोन कपाटं. एक हिरवं, वर डिझाइनच्या ऑफिसात. एक करडं, खाली अंगणापलीकडे तुमच्या खोलीत. कंपनी टाक्या बनवायची, केमिकलवाल्यांसाठी, मोठमोठ्या. प्रत्येक टाकीचं ड्रॉइंग दोन्ही कपाटांत. वरचं बदललं की त्याच दिवशी खालचं बदलायचं, जुन्यावर 'रद्द' शिक्का मारायचा. एकाला काही झालं तर दुसऱ्यावर काम चालू राहावं, म्हणून दोन.

मग मला मागच्या कंपाउंडमध्ये नेलंत. तिथं एक भलीमोठी टाकी उभी होती, झाडांना पाणी घालायची. तुम्ही म्हणालात, हिचं तोंड बघ. तोंड चुकीच्या बाजूला होतं. मी यायच्या कितीतरी आधी वरचं कपाट पावसात गळतीखाली भिजलं म्हणून वेल्डरांनी खालच्या कपाटातलं ड्रॉइंग घेतलं होतं, आणि खालचं बदलायचं राहून गेलं होतं. कुणाकडून राहून गेलं, ते तुम्ही त्या दिवशी सांगितलं नाहीत. पुढे कधीतरी कॅंटीनमध्ये दुसऱ्याच कुणाकडून कळलं की तुमच्याकडूनच. तुम्ही तेव्हा तरुण होतात, घरी भाताची लावणी होती, घाईत निघून गेला होतात. गिऱ्हाइकानं टाकी घेतली नाही. तुम्ही ती भंगारात जाऊ दिली नाहीत. रोज दिसावी म्हणून नळ बसवून ठेवून घेतलीत.

"दोन प्रतींत फरक पडला ना गो, तर दोन्ही खोट्या," तुम्ही म्हणालात. मला वाटलं, काय म्हातारा आहे हा. तुम्ही तेव्हा पन्नाशीचे होतात, अण्णा. मी आता चाळिशीच्या उंबऱ्यावर आहे, तेव्हा तो शब्द मागे घेते.

कॉम्प्युटरचंही पुढे तसंच झालं. वर एक मोठं यंत्र आलं, सगळ्यांच्या टेबलांना जोडलेलं, सगळे कागद त्याच्या पोटात. आपल्या एमआयडीसीतली वीज म्हणजे काय सांगायचं, कधी नाचेल नेम नाही. एकदा ते यंत्र असं बसलं की आठवडाभर ऑफिस हात चोळत राहिलं. मग कंपनीनं दुसरं घेतलं आणि तुमच्या खोलीत ठेवलं. मुंबईहून आलेला इंजिनिअर तासभर समजावत होता. वरचं बंद पडलं तर सगळ्यांनी खालच्यावर जायचं, त्यासाठी खालच्यात रोज वरच्यासारखेच कागद भरलेले पाहिजेत, एकही कमी नको, एकही शिळा नको. तो दमल्यावर तुम्ही एवढंच म्हणालात, "म्हणजे माझी दोन कपाटंच की." त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. नावंही तुम्हीच ठेवलीत. वरची थोरली, खालची धाकटी. साहेबसुद्धा फोनवर मुंबई ऑफिसला सांगायचे की थोरलीची तब्येत बरी नाही, धाकटीवर काम चाललंय.

रोज दुपारी चार वाजता आपला कार्यक्रम. मी वर थोरलीसमोर बसून हुकूम द्यायचा. पडद्यावर प्रश्न यायचा, थोरलीकडून धाकटीकडे, नक्की का? मी 'हो'ची कळ दाबायची. मग फायलींची नावं झरझर पळायची आणि धाकटी थोरलीसारखी व्हायची. जे थोरलीत नाही ते धाकटीतून पुसलंही जायचं. ते झालं की तुम्ही लांब, जाड वही घेऊन यायचात. दिशा कुठली, थोरलीत किती, धाकटीत किती, आज कुठले कागद बदलले, कुणी केलं, शेरा. आकडे स्वतः मोजायचात. यंत्र सांगतंय ना, म्हटलं तर ऐकायचं नाही. मग म्हणायचात, "जुळलं." आणि सही. वहीत खोडायचं तर एकच रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. वर लाल शाईनं खरं लिहायचं, बाजूला सही. मी एकदा व्हाइटनर लावला तर दोन दिवस बोलला नव्हतात माझ्याशी.

आणि कहर म्हणजे ती वही तुम्ही घरी जाऊन पुन्हा लिहायचात. रोजचं पान एका चिठ्ठीवर उतरवायचं, बदलापूरला न्यायचं, आणि चहा झाला की घरच्या वहीत शब्दन्‌शब्द उतरवायचं. मला कळलं तेव्हा मी पोट धरून हसले. म्हटलं, अण्णा, वहीलासुद्धा धाकटी? तुम्ही शांतपणे विचारलंत की कंपनीला आग लागली तर? म्हटलं, आग लागली तर टाक्याच राहणार नाहीत, वही घेऊन काय करणार? "काय काय गेलं ते तरी कळेल," तुम्ही म्हणालात. मी तावातावानं उठून कॅंटीनला गेले.

आपलं खरं भांडण वेगळंच होतं आणि ते अजून मिटलेलं नाही. मी म्हणायचे, धाकटीला एक दिवस मागे ठेवू या. आज कुणी चुकीचं काही पुसलं, तर चार वाजता आपण ती चूक इमानेइतबारे धाकटीतही करून ठेवतो. धाकटी एक दिवस मागे असली तर कालचं तरी हाताशी राहील. तुम्ही म्हणायचात, मागे ठेवलेली प्रत म्हणजे शिळी प्रत, आणि शिळ्यावर टाकी केली तर काय होतं ते मागे जाऊन बघून ये. मी म्हणायचे, ती टाकी तुमच्या डोक्यात बसलीये. तुम्ही म्हणायचात, बसलीच पाहिजे. झालं, मी चिडायचे, तुम्ही हसायचात, चार वाजायचे.

आता त्या खंडेनवमीचं.

त्याआधी थोरली पुन्हा आजारी पडली होती. सहा दिवस सगळं ऑफिस धाकटीवर काम करत होतं, आणि काम जोरात होतं, कारण दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी एका मोठ्या टाकीचे कागद तपासायला गिऱ्हाइकाचा माणूस येणार होता. वेल्डिंगच्या नोंदी, जोडांच्या एक्स-रेचे रिपोर्ट, पाणी भरून घेतलेली चाचणी, सगळं त्या सहा दिवसांत धाकटीत गेलेलं. कागद पुरे नाहीत तर टाकी गेटबाहेर जाणार नाही. नवमीच्या सकाळी थोरली दुरुस्त होऊन आली, पोटात सहा दिवसांपूर्वीचं सगळं घेऊन. तुम्ही मला बजावलं होतं. पूजा झाली की आधी उलटं करायचं, धाकटीकडून थोरलीकडे. मी मान डोलावली होती.

दुपारी खाली कारखान्यात, शॉपमध्ये पूजा. तुम्ही तिथं, साहेब तिथं, सगळे तिथं. कॉम्प्युटरची पूजा माझ्याकडे सोपवलेली. मी ताट घेऊन वर गेले, एकटीच. आधी थोरलीची, मानाची म्हणून. हळद, कुंकू, झेंडू. तेवढ्यात खालून आवाज आला. पूजा झाली की प्रत्येक मशीन जरासं फिरवून दाखवायची आपली पद्धत. लेथ घरघरली, प्रेस एकदा दणकन खाली आली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, माझंही यंत्र फिरलं पाहिजे. सणाच्या दिवशी थोरली मुकी कशी राहील? काय चालवायचं तिच्यावर? हात सवयीनं रोजच्या हुकमावर गेला. पडद्यावर प्रश्न आला, थोरलीकडून धाकटीकडे, नक्की का? मी हसत हसत 'हो' दाबलं.

दहा-बारा नावं पळाल्यावर माझ्या लक्षात आलं. सहा दिवसांपूर्वीचं सगळं धाकटीवर चढत होतं, आणि सहा दिवसांत नवीन झालेलं एकेक पुसलं जात होतं. थांबवायचं कसं, तेच सुचेना. थांबवेपर्यंत पडद्यावर 'काम पूर्ण' आलं. मी ताट हातात घेऊन तशीच उभी राहिले. डोक्यात एकच, दिवाळीनंतर मला कायम करायचं की नाही ते ठरणार आहे आणि साहेबांना हवी होती ती चूक सापडली.

मग तुम्ही आलात, वही काखेत, हातात माझ्यासाठी पेढा. आधी थोरली मोजलीत, मग खाली जाऊन धाकटी मोजून आलात. दोन्ही आकडे सारखे. मी मनात म्हटलं, सुटले. तुम्ही वहीचं कालचं पान उघडलंत आणि आकड्यावर बोट ठेवलंत. म्हणालात, या दोघी एकमेकींशी जुळतायत, पण कालशी जुळत नाहीत. एवढं होऊनसुद्धा तुमचा आवाज चढला नाही. मग विचारलंत.

"कुणी चालवलं?"

"आपोआप चाललं असेल, अण्णा. चालू केल्यावर."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मग कीबोर्डकडे पाहिलंत. खिशातून रुमाल काढून कीबोर्ड नीट पुसलात. कुंकू यंत्रात जायला नको, म्हणालात. मला वाटलं, बघा, जग बुडतंय आणि यांना साफसफाई सुचतेय. मग म्हणालात, "बरं," आणि निळ्या पेनानं 'कुणी केलं' या रकान्यात लिहिलंत, आपोआप. खाली जाऊन साहेबांनाही तेच सांगितलंत, वर हेही सांगितलंत की परवा सकाळी कागद तयार असतील, ती जबाबदारी माझी. साहेबांनी तुमच्या शब्दावर विश्वास ठेवला. तुमच्या शब्दावर कोण नाही ठेवणार?

दुसरा दिवस दसऱ्याचा, सुट्टीचा. सकाळी तुम्ही नवा शर्ट घालून सायकलवरून आलात, कॅरियरला काकींचा डबा, खिशात आपट्याची पानं. थोरलीला एक पान, धाकटीला एक. मला एक दिलंत. मला रडू आलं, तर म्हणालात, सणाला रडत नाहीत, बस. काय काय गेलं ते तुमच्या वहीत नावानिशी होतं, चाळीसेक कागद. कामगारांनी हातानं लिहिलेल्या मूळ चिठ्ठ्या तुम्ही वर्षभर जपून ठेवायचात, त्याला मी कचरा म्हणायचे. त्या कचऱ्यातून एकेक चिठ्ठी काढून तुम्ही पोथी वाचावी तसे वाचत होतात आणि मी टाइप करत होते. मध्ये एकदा पुरणपोळ्या खाल्ल्या. तुम्ही एका वेल्डरच्या अक्षराला नावं ठेवलीत, मी तुमच्या चष्म्याला. सगळं कारखान्याचं आवार शांत, आपल्या दोघांचाच आवाज. खोटं सांगत नाही, आता तर नाहीच, पण तो दिवस माझ्या नोकरीतला सगळ्यात चांगला दिवस होता. भीती होती, तरी चांगला होता.

चारच्या सुमाराला झालं. सगळं धाकटीवर चढवलं होतं, आता उलट्या दिशेनं थोरलीत न्यायचं. मला वाटलं तुम्ही म्हणाल, मी करतो. तुम्ही म्हणालात, तूच कर, पण आधी दिशा वाचून दाखव. मी मोठ्यानं वाचलं, धाकटीकडून थोरलीकडे. "आता दाब," तुम्ही म्हणालात. मग दोन्ही मोजलीत आणि वहीशी ताडून पाहिलीत. जुळलं. दुसऱ्या दिवशी टाकी गेटबाहेर गेली आणि दिवाळीनंतर मी कायम झाले.

त्यानंतर तुम्ही प्रेस शॉपमधल्या पत्र्याच्या तुकड्यावर ठोकून एक पाटी करून घेतलीत, 'आज ही खरी'. जिच्यावर त्या दिवशी काम चालू असेल तिच्या गळ्यात ती लाल दोऱ्यानं टांगायची. पाटी बघितल्याशिवाय हुकूम द्यायचा नाही. मुंबईचा इंजिनिअर हसला. पण पुन्हा कधी दिशा चुकली नाही. आणि मी मात्र संधी सोडली नाही. म्हटलं, बघितलंत, तुमच्या दोन्ही सारख्या होत्या आणि दोन्ही चूक होत्या. धाकटी एक दिवस मागे असती तर? तुम्ही म्हणालात, म्हणून तर वही. भांडण पुन्हा पहिल्या पानावर.

तुम्ही रिटायर झालात तेव्हा ऑफिसची वही, पाटी आणि लाल पेन माझ्या हवाली केलंत. महिन्याभरात मी धाकटीला एक दिवस मागे ठेवलं. तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही एकदा सहज म्हणून आलात, दोन्हींचे आकडे बघितलेत, आणि म्हणालात, तुझ्या राज्यात तू बघ. ते पटल्याचं होतं की रागाचं, मला अजून कळलेलं नाही. रोजचं पान चिठ्ठीवर उतरवून मी तुमच्याकडे पाठवत राहावं, हा हट्ट मात्र तुम्ही सोडला नाहीत. आपल्या शिपायाचं घर बदलापुरातच, तो पोचवायचा. शेवटच्या महिन्यापर्यंत तुम्ही घरची वही लिहीत होतात म्हणे. काकी काल सांगत होत्या, खाटेवरूनच.

तुमची एक सवय मला तेव्हा खटकायची. मी भेटायला आले, चहा झाला, निघायला उठले की तुम्ही दारापर्यंत यायचात आणि विचारायचात, "बाकी?" मी म्हणायचे, बाकी काही नाही. तुम्ही मान डोलवायचात. दर वेळी. आजारपणात उठता येत नव्हतं तर खाटेवरून विचारलंत. मला वाटायचं, म्हाताऱ्या माणसांना माणूस जाऊ नये असं वाटतं, म्हणून लांबवतायत.

तर अण्णा, बाकी हे होतं. आपोआप काही चाललं नव्हतं. मी चालवलं होतं, माझ्या हातानं, हसत हसत. झालं सांगून. आता पिशवी उघडते.

उघडली. बारा वह्या आहेत, सगळ्यांना वर्तमानपत्राची कव्हरं. ऑफिसच्या वह्या मी शनिवारीच घरी आणून ठेवल्या होत्या, का ते माझं मलाही नीट सांगता आलं नसतं. दोन्ही शेजारी ठेवून तुमच्यासारखं ताडून पाहायला लागले. कुठलंही पान काढा. शब्दन्‌शब्द तोच, आकडा तोच, मी व्हाइटनर लावलेल्या दिवशीचा शेरासुद्धा तोच. एवढ्या वर्षांत एका अक्षराचा फरक नाही. मग त्या खंडेनवमीचं पान काढलं. म्हटलं, इथंही 'आपोआप' असणार, तुमच्या हातचं माझं खोटं दोनदा वाचावं लागणार.

घरच्या वहीत असं लिहिलंय, निळ्या शाईनं, तुमच्या त्या उभट अक्षरात. मी जसंच्या तसं उतरवते.

"दिशा : थोरली ते धाकटी. चुकीची. कोणी केले : नीला. 'हो'च्या कळीवर कुंकू होते, पुसले. शेरा : पोर घाबरली आहे. विचारू नये. टाकीच्या वेळी मलाही कोणी विचारले नव्हते. आपणहून सांगेल तेव्हा ऑफिसच्या वहीत दुरुस्ती करून दोन्ही जुळवून घेणे."

आईनं दोनदा जेवायला हाक मारली. मी रडले, अण्णा, भरपूर रडले, पण खरं सांगू, मधेच हसूही आलं. दोन प्रतींत फरक पडला तर दोन्ही खोट्या म्हणणारा माणूस सात वर्षं घरात एक न जुळणारं पान घेऊन बसला होता, आणि दर वेळी दारात उभा राहून मला विचारत होता, बाकी? एकदा तरी टोकायचं होतंत. नाही, नको, बरं केलंत. टोकलं असतंत तर मी पुन्हा खोटंच बोलले असते, मला माझा स्वभाव माहीत आहे.

तुमची पाटी माझ्याकडेच आहे. ती आत्ता घरच्या वहीवर ठेवली. आज ही खरी. दिशा मोठ्यानं वाचली, घरच्या वहीकडून ऑफिसच्या वहीकडे. आई आतून म्हणाली, कुणाशी बोलतेस गं? मग तुमचं लाल पेन काढलं. ऑफिसच्या वहीतल्या 'आपोआप'वर एकच रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. वर लिहिलं, नीला. बाजूला सही केली.

दोन्ही पानं पुन्हा पहिल्यापासून ताडून पाहिली. जुळलं, अण्णा.

बाकी काही नाही.